आऊट झालेल्याची फेरी

ग्राउंडवरचे किस्से कुणी जमवायला जात नाही. संध्याकाळी घरी येऊन बूट आपटले की रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीबरोबर तेही खाली पडतात. मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या माझ्या मित्राकडं गिऱ्हाइकांचे किस्से आहेत, रिक्षावाल्या मित्राकडं पॅसेंजरचे. माझ्याकडं मोठ्या माणसांचे आहेत, कारण मी शाळेत काम करतो. लोक मुलांच्या गमती ऐकायला बसतात आणि निम्म्यात त्यांच्या लक्षात येतं, की मुलं यात बरीच शहाणी आहेत.

मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हे विचारणारा माणूस हमखास पन्नाशीच्या पुढचा असतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही, म्हणून मी उत्तर देणंच बंद केलंय. सोलापुरात पूर्व भागात एक शाळा आहे. वर्गात बाई बोलायच्या थांबल्या की शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खटखटाट ऐकू येतो, अशी. तिथं मला 'ग्राउंडवर बघायला' ठेवलंय. हुद्दा तेवढाच. पोरं दादा म्हणतात. याला सर म्हणायचं नाही, असं पी.टी.च्या बिराजदार सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. "सर व्हायला डिग्री लागते," म्हणाले. त्यांच्याकडं खेळाची डिग्री आहे, आणि बुटाची नाडी बांधायला त्यांना खुर्ची लागते.

*

बिराजदार सरांचा तास म्हणजे चाळण. सातवी ब ग्राउंडवर आली की सर आधी माणसं बाजूला काढायचे. दम लागणारे बाजूला. जाड चष्मेवाले बाजूला. ओंकार वजनानं भारी, तो न सांगताच बाजूला जायचा. श्रावणीच्या पायात आधाराचा कॅलिपर, तिचा तर प्रश्नच नाही. उरलेल्यांच्या दोन टीम. बाकीचा वर्ग चिंचेखाली दप्तरं राखत बसलेला. खेळताना जो आऊट होईल, तोही चिंचेखालीच. तास संपायच्या वेळी ग्राउंडपेक्षा झाडाखाली गर्दी जास्त.

एकदा वरून फर्मान आलं, सगळी मुलं खेळत असल्याचा फोटो पाठवा. सरांनी कपाटातले बॉल काढले. नवे, कागदात गुंडाळलेले. चिंचेखालच्या प्रत्येकाला उठवून हातात एकेक बॉल दिला, उन्हात उभं केलं, फोटो काढला. मग बॉल गोळा केले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं. ओंकारनं तेवढ्यात एक टप्पा मारायला हात वर केला होता, त्याचा बॉल वरच्या वर काढून घेतला.

ओंकार रिकाम्या हातानं म्हणाला, "सर, घरी विचारलं तर आज काय खेळलो म्हणून सांगू?"

सर मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाले, "थांब रे. अजून अपलोड होतंय."

*

श्रावणीचा डावा पाय जन्मापासून बारीक आहे. ती चालते, जिना चढते, दप्तर स्वतःचं स्वतः उचलते. पळत नाही, एवढंच. वडील टॉवेलच्या कारखान्यात. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शेजारी बसणाऱ्या मुजम्मिलशी भांडायला त्याचीच दखनी, असा तिचा कारभार.

सर रजेवर असले की तास माझा. मग पोरं तिला झाडाखालून आपणहून उठवून घ्यायची, पण कच्चं लिंबू म्हणून. म्हणजे खेळात घ्यायचं आणि मोजायचं नाही. तिला कुणी पकडायचं नाही, चुकून हात लागला तरी ती आऊट नाही. घरातलं सगळ्यात लहान पोर रडायला लागलं की त्याला जसं घेतात, तसं. मला हे फार भारी वाटलं. मोठ्यांना जे सुचत नाही ते पोरांना सुचलं, असं मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं.

मग एक दिवस श्रावणी माझ्याकडं आली.

"दादा, मला आऊट करायला सांगा."

"कुणाला?"

"कुणालाबी. मी मधे जाऊन हुबी राहिले तरी माझ्या बाजूनं जातात. काल मुजम्मिल मला धडकला आणि सॉरी म्हणाला."

"मग चांगलंय की."

"ओंकारला धडकला तवा शिवी दिली त्यानं."

तिचं तिनंच पुढं सांगितलं. गॅदरिंगच्या आधी वर्गा-वर्गांचे सामने होतात, त्यात तिला सातवी ब कडून खेळायचं होतं. आणि मोजून खेळायचं होतं. "लिंबू म्हणून नको," म्हणाली. "नायतर मी झाडाखालीच बरी हाय."

*

त्याच सुमारास बिराजदार सरांना ट्रेनिंगला पाठवलं. एकही मूल मैदानाबाहेर राहू नये, असा काहीतरी विषय होता. सर नवी बॅग आणि गळ्यात ओळखपत्र घेऊन आले. आल्या आल्या म्हणाले, "आजपासून झाडाखाली कुणी बसणार नाही. सगळे खेळणार." त्या वाक्यापुरता तो माणूस मला आवडला.

खेळ होता फुग्याचा व्हॉलीबॉल. बॉल जोरात लागतो, फुगा हळू येतो, सगळ्यांना मारता येतो. कल्पना वाईट नव्हती. फक्त दुपारचं सोलापूर कुणी लक्षात घेतलं नव्हतं. ग्राउंडवर अंडं फोडलं तर ऑम्लेट होईल, असं ऊन. फुगे वर गेले आणि खाली आले ते तापलेल्या पत्र्यावर, चिंचेच्या काटक्यांवर. फट, फट, फट. पोरं नाचायला लागली. मुख्याध्यापिका मॅडम छातीवर हात धरून पळत बाहेर आल्या. "कुणी लावले फटाके?"

शेवटचा फुगा कंपाउंडवरून कारखान्यात गेला. तिथला एक कामगार स्टुलावर चढून तो परत द्यायला लागला, "सर, हे तुमचं," म्हणाला, आणि भिंतीवर लावलेल्या काचांवर तोही त्याच्या हातात फुटला.

मी विचारलं, "सर, ट्रेनिंगला कसं काय जमलं मग?"

सर हातातल्या रिकाम्या दोऱ्याकडं बघत म्हणाले, "तिथं एसी हॉल होता."

चिंचेखालचे परत चिंचेखाली.

*

मग मी लंगडी लावली. साहित्य लागत नाही, फुटत काही नाही. एक चौकोन आखायचा, आत एका टीमनं पळायचं, दुसऱ्या टीममधल्या एकानं एका पायावर उड्या मारत जाऊन त्यांना हात लावायचा. श्रावणी म्हणाली, "मला पकडायला द्या." कॅलिपरचा पाय पुढं ताठ धरून चार-पाच उड्या मारल्या, पडली, उठली, हाताची माती झाडली. बाकीचेही तेवढ्यातच पडत होते.

मॅडमनी हे गॅलरीतून बघितलं आणि मला ऑफिसात बोलावलं. "त्या मुलीसमोर लंगडी? तुला काही वाटतं की नाही?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर घोषणा झाली, की यापुढे या खेळाला कुणी त्या नावानं हाक मारायची नाही. खेळाचं नाव 'एकपाद'. श्रावणी स्वतः ऑफिसात गेली.

"मॅडम, नाव राहू द्या की. पाय माझा हाय, मला काय वाटत नाही."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बिराजदार सरांना म्हणाल्या, "बघा, किती सोसते पोर." नाव बदललेलंच राहिलं. वर आणखी एक हुकूम निघाला, की एकपाद हा खेळ श्रावणीला झेपणार नाही, तिला त्यात घेऊ नये.

पोरं अजूनही लंगडीच म्हणतात. एकपाद फक्त मॅडम म्हणतात, आणि म्हणताना श्रावणीकडं बघतात.

*

मीही एक अक्कल पाजळली होती, ती सांगतो. मॅडम मीटिंगला बाहेरगावी होत्या. मी म्हटलं, सगळेच सारखे करून टाकू. प्रत्येकाच्या डाव्या पायाला लाकडी पट्टी आणि रुमाल बांधला. आता गुडघा कुणाचाच वाकणार नाही. पोरांना प्रचंड आवडलं. निम्मे जण लढाईत जखमी झाले, मुजम्मिल तर दोनदा मेला.

श्रावणी चौकोनात उभी राहून बघत होती.

"दादा, हे माझी नक्कल करायलेत का?"

"नाही गं. आता सगळे सारखे झाले."

"मग मी कुणाची नक्कल करू?"

पट्ट्या सोडल्या.

तेव्हा ओंकार पुढं आला. "दादा, एक बोलू? आऊट झाल्यावर झाडाखाली बसवू नका." मला वाटलं, आता काहीतरी खोल ऐकायला मिळणार. वर्गात सगळ्यात आधी आऊट होणारा तोच, त्याच्याइतकं त्या झाडाखाली कुणी बसलेलं नाही.

"का रे?"

"मुंग्या हायत. लाल."

मग त्यानंच सुचवलं, की जो आऊट होईल त्यानं चौकोनाभोवती लंगडी घालत एक फेरी मारायची आणि परत आत यायचं. आणि आतल्यांनी पळायचं नाही, नुसतं चालायचं. हे दुसरं त्यानं स्वतःच्या दमापायी घातलं, हे सगळ्यांना कळत होतं. शिट्टी वाजली की चौकोनात जेवढे जण असतील, तेवढे पॉइंट.

मुजम्मिल भडकला. "चलने का खेल रहता क्या? बगीचे में आए क्या हम?" आणि पहिल्याच डावात पहिला आऊट झाला. मागून कुणी उड्या मारत येतंय आणि आपल्याला पळायला बंदी आहे, यात फार वाईट अवस्था होते. फेरी मारून परत आल्यावर त्यानं बुटाच्या नाड्या आवळून बांधल्या.

त्या दिवशी चिंचेखाली नुसती दप्तरं होती.

*

बिराजदार सरांनी लांबून बघितलं, जवळ येऊन व्हिडिओ काढला, आणि 'माझा नवोपक्रम' म्हणून कुठल्याशा स्पर्धेला पाठवून दिला. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, की अनेक वर्षांच्या चिंतनातून ही कल्पना सुचली. मी ते पोरांना वाचून दाखवलं.

ओंकारनं शांतपणे ऐकून घेतलं. "सरांनापण मुंग्या चावल्या असतील," म्हणाला.

स्पर्धेवाल्यांना मात्र ते आवडलं. वर्गांच्या सामन्यांत हाच खेळ ठेवायचा आणि त्या दिवशी पाहुणे स्वतः बघायला येणार, असं ठरलं. लगेच मॅडमचा हुकूम फिरला. "श्रावणीला घ्या. ती दिसली पाहिजे."

मी श्रावणीला सांगितलं, तू टीममध्ये आहेस. तिनं विचारलं, "लिंबू?"

म्हटलं, "नाही. मोजून."

"बघू," म्हणाली. मोठ्यांच्या हुकमाचा तिला अंदाज होता.

*

आता तिचे वडील यायला लागले. रात्रपाळी करून झोपायचं सोडून आमच्या तासाला गेटजवळ उभे. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर काळजी. मला रोज एकच प्रश्न. "पडली तर?"

एकदा सरावात ती जराशी डगमगली, तर हे तीरासारखे आले आणि चौकोनात शिरून तिचा दंड धरला. पकडायची पाळी मुजम्मिलची होती. त्यानं उडी मारली आणि त्यांच्या पाठीवर थाप दिली.

"काका आऊट."

"मी कुठं खेळतोय?"

"चौकोन में आए ना तुम? अब फेरी मारो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नियम आहे." भल्या माणसानं चपला काढल्या, पँट वर ओढली आणि एका पायावर निघाला. अर्ध्या वाटेत नळाजवळच्या चिखलात घसरून सपशेल आडवा. कुणी उचलायला गेलं नाही, कारण डाव चालू होता.

आतून श्रावणी ओरडली, "उठा की, नान्ना. टाइम जातोय."

ते उठले, फेरी पुरी केली, धापा टाकत आत आले. "आता काय करायचं?" त्यांनी ओंकारला विचारलं. ओंकार म्हणाला, "आता चालायचं. पण तिकडं माझ्या अंगावर येऊ नका." घंटा होईपर्यंत ते खेळले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न विचारला नाही.

*

सामन्यांच्या दिवशी मंडप, पाहुणे, नारळ, शाली. भाषणं इतकी चालली, की सकाळी मारलेली फक्की उडून गेली आणि मी परत चौकोन मारायला बसलो. तिथूनच मला दिसलं, मॅडमनी सातवी अ च्या पोरांना स्टेजच्या मागं घेतलं होतं.

"ती श्रावणी आहे ना, तिला हात लावायचा नाही. पाहुणे बघतायत. कळलं?"

"कळलं, मॅडम," सगळे एका सुरात.

सातवी अ आधी खेळून गेली. त्यांचे जेवढे उरले, तेवढे तरी शिट्टीला आमचे चौकोनात असायला हवे होते. बरोबरी झाली की ढाल दोन्ही वर्गांत सहा-सहा महिने. मग ब आत आली. पंच मी. अ ची एक उंच मुलगी पकडायला आली, चांगली चपळ. येणारा-जाणारा टिपत होती. आऊट झालेले फेरी मारून परत येत होते, ओंकार तर तीन वेळा जाऊन आला. श्रावणीजवळ मात्र ती पोचली की वळायची. श्रावणी तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली, ती वळसा घालून गेली. माईकवर बिराजदार सर. "पाहा, पाहा, श्रावणी अजूनही नाबाद." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वडील कडेला उभे होते, त्यांनी वाजवल्या नाहीत.

वेळ संपत आली. तिला धरून बरोबर बरोबरी होत होती. मुजम्मिलनं हिशेब केला होता. "श्रावणी, वहींच खडी रह. कुछ मत कर. तेरेकू कोई हात नहीं लगाता."

श्रावणी चालत निघाली, सरळ त्या उंच मुलीच्या अंगावर. ती मुलगी एका पायावर मागं मागं उड्या मारत गेली, कोपऱ्यात अडकली. श्रावणीनं तिचा हात धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला.

"झाले आऊट."

"अगं, मॅडमनी सांगितलंय तुला—"

"मॅडम चौकोनात हायत का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ब चे हात जोडून. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठून, मान हलवत. श्रावणी नुसती बघत. मी हात वर केला. आऊट.

ती फेरीला निघाली. उडी, थांब, उडी. माईक बंद पडला, म्हणजे सर बोलायचे थांबले. पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरच्या कोपऱ्यावर ती पडली. एक शालवाले गृहस्थ उचलायला उठले, तर मुजम्मिल चौकोनातून किंचाळला, "हात नक्को लगाओ साब! टाइम जारा!" आणि मग तिच्यावर, "उठ गे! पैर उठा! कित्ता टाइम लगाती!" पाठोपाठ अख्खी सातवी ब ओरडायला लागली. "उचल की पाय, श्रावणे! बसली काय!" ओंकारचा आवाज सगळ्यांत मोठा. तिचे वडील जागेवरून हलले नाहीत. ती उठली. गुडघा फुटला होता. उडी, थांब, उडी.

माझ्या घड्याळात वेळ भरली. ती चौकोनापासून हातभर लांब होती. मी शिट्टी मारली.

ढाल अ ला गेली, अख्ख्या वर्षासाठी. मॅडमनी माईकवरून श्रावणीसाठी जिद्दीचं खास बक्षीस जाहीर केलं. दोनदा नाव पुकारलं. ती तिकडं नव्हती.

ती नळावर होती, गुडघा धूत. सातवी ब तिथंच पाय धूत होती आणि कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. शेवटी मुजम्मिलनं नळ बंद केला.

"तेरे वजे से हारे. मालूम?"

श्रावणीनं नळ परत चालू केला, ओंजळभर पाणी प्याली, तोंड पुसलं.

"व्हय की," म्हणाली. "माझ्यामुळंच."